उघडे दार आणि कायद्याचा पहारा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



पन्नास वर्षांपूर्वी चार-सहा बिऱ्हाडांनी एका भाड्याच्या खोलीत गणपती बसवला आणि त्यातून आजची ही देखणी वास्तू उभी राहिली. हा इतिहास आपणांस तोंडपाठ आहे, त्याची उजळणी आम्ही करीत नाही. अशा प्रसंगी वक्त्याने महाराष्ट्राच्या गतवैभवाविषयी बोलावे, असा एक संकेत आहे. तो मोडल्याबद्दल आम्ही आधीच क्षमा मागतो. आमचा आजचा विषय आहे ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिरांवर झालेले हल्ले, आणि त्या हल्ल्यांनंतर निरनिराळ्या देशांच्या विधिमंडळांनी काय केले, हा.

विषय दूरचा वाटेल. परंतु जे लोक आपला मुलूख सोडून दुसऱ्यांच्या मुलखात थोड्या संख्येने राहतात, तेथे पैपैसा जमवून स्वतःची एक वास्तू उभारतात आणि तिचे दार सर्वांना उघडे ठेवतात, त्यांना तो दूरचा वाटण्याचे कारण नाही. त्या दाराचे रक्षण कोणी करावयाचे? कायद्याने, पहारेकऱ्याने, की शेजाऱ्याने? हा प्रश्न जसा त्यांचा, तसा आपलाही आहे.

आणि ज्यू समाज आपल्याला परका तरी कोठे आहे? आमचे बालपण तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, रेवदंड्याजवळच्या एका गावी गेले. आमच्या शेजारी एक बेने इस्राएल कुटुंब राहत असे. या समाजाचा जुना धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे पाहावीत तर दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. सारी आपल्याच गावांची. घरची भाषा मराठी. त्या घरातील मावशी नवस फेडताना एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करीत. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि वर फळे. त्यातली एक वाटी न चुकता आमच्या ओसरीवर येई. पुढे १९४८ साली इस्राएल राष्ट्र जन्मास आले आणि नंतरच्या वर्षांत त्यांच्यातील बहुसंख्य लोक तिकडे गेले. मावशीही गेल्या. जाताना त्यांनी आमच्या आईजवळ तुळशीला पाणी घालायला म्हणून वापरला जाणारा आपला तांब्या ठेवला. तो आजही आमच्या घरी आहे.

या लोकांच्या प्रार्थनामंदिराला इंग्रजीत सिनेगॉग म्हणतात. मराठीत काय म्हणावे? मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेले पहिले सिनेगॉग बेने इस्राएलांच्या तोंडी ‘जुनी मशीद’ झाले. पुण्यात डेव्हिड ससून यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या लाल विटांच्या सिनेगॉगला पुणेकरांनी ‘लाल देऊळ’ म्हटले. ज्यूंच्या एकाच प्रार्थनामंदिराला एका गावी मशीद म्हणावे आणि दुसऱ्या गावी देऊळ, आणि त्यात कोणाला काहीही वावगे वाटू नये, ही आपल्या भाषेची सहजता आम्हांला फार मोलाची वाटते. जेथे ही सहजता नव्हती, तेथे काय घडले, ते आता पाहू.

प्रारंभ जर्मनीपासून करावा लागेल. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ या दोन दिवसांत नाझी राजवटीच्या चिथावणीने जर्मनी आणि ऑस्ट्रियातील चौदाशेहून अधिक सिनेगॉग व प्रार्थनास्थाने जाळली वा उद्ध्वस्त केली गेली. दुकानांच्या फुटलेल्या काचांवरून त्या रात्रीला ‘स्फटिकरात्र’ असे नाव पडले. सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत धाडण्यात आले. अग्निशामक दलाला आज्ञा होती की सिनेगॉग जळू द्यावे, फक्त शेजारच्या इमारतींना झळ लागणार नाही एवढे पाहावे.

आता त्या राज्याच्या कायद्याने काय केले? अवघ्या दोन दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, एक फर्मान निघाले. त्यान्वये या विध्वंसाबद्दल ज्यू समाजालाच शंभर कोटी मार्कांचा दंड ठोठावण्यात आला. मोडतोडीची दुरुस्ती ज्यूंनी स्वखर्चाने करावी, आणि विम्याची जी रक्कम त्यांना मिळायची ती सरकारजमा व्हावी, असेही ठरले. ज्याचे घर जळले, त्यालाच जळिताचा दंड! हे फर्मान काढायला विधिमंडळाची गरज लागली नाही, कारण १९३३ सालच्या मार्च महिन्यात त्या देशाच्या विधिमंडळाने कायदे करण्याचा आपला अधिकार बहुमताने सरकारच्या हाती सोपवून टाकला होता. जमावाच्या हातांत मशाल असते, हे भय जुने आहे. परंतु तीच मशाल कायद्याच्या हाती गेली की काय होते, ते १९३८ ने दाखवले. म्हणून प्रार्थनामंदिरावर हल्ला झाल्यानंतर कायदा कोणाच्या बाजूस उभा राहतो, हा प्रश्न आम्ही इतक्या आग्रहाने विचारतो.

या घटनेनंतर वीस वर्षांनी अमेरिकेत काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. दक्षिणेतील जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरी, १२ ऑक्टोबर १९५८ च्या पहाटे, ‘द टेंपल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिनेगॉगमध्ये सुरुंगाच्या सुमारे पन्नास कांड्यांचा स्फोट झाला. वेळ पहाटेची असल्यामुळे जीवितहानी झाली नाही. काही तासांनी तेथे रविवारच्या शाळेची मुले जमायची होती. हल्ल्याचे कारण उघड होते. तेथील धर्मगुरू रब्बी जेकब रॉथचाइल्ड हे कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांचा जाहीर पुरस्कार करीत. म्हणजे ज्यूद्वेष आणि वर्णद्वेष यांनी तेथे हातात हात घातला होता. शहराचे महापौर विल्यम हार्ट्सफील्ड ढिगाऱ्यापाशी आले. भावना भडकावणारे राजकारणीच या सुरुंगवाल्यांचे खरे पालनकर्ते आहेत, अशा आशयाचे खडे बोल त्यांनी सुनावले. पाच जणांवर आरोप ठेवले गेले, एकावर दोनदा खटला चालला. परंतु अखेर शिक्षा कोणालाच झाली नाही.

येथे कायद्याची उणीव ध्यानात आली. गुन्हेगार एका राज्यातून सुरुंग आणीत, दुसऱ्या राज्यात लावीत आणि तिसऱ्यात पसार होत. स्थानिक पोलिसांचे हात राज्याच्या सीमेपर्यंतच पोचत. तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसने १९६० च्या नागरी हक्क कायद्यात एक प्रकरण घातले. इमारत उडवून देण्याच्या हेतूने स्फोटके राज्याबाहेर नेणे, किंवा असा गुन्हा करून राज्याबाहेर पळणे, हा केंद्रीय गुन्हा ठरला. त्या कायद्याचा मुख्य हेतू कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क बजावता यावा हा होता. सिनेगॉगचे रक्षण आणि कृष्णवर्णीयांचे मत ही दोन्ही एकाच कायद्याच्या पोटात आली, हा योगायोग नव्हे. एका अल्पसंख्याकाचे दार सुरक्षित करू लागले की शेजारचे दारही आपोआप विचारात घ्यावे लागते.

पुढचा प्रवासही याच दिशेने झाला. १९८८ साली काँग्रेसने धार्मिक वास्तूंची नासधूस हा स्वतंत्र केंद्रीय गुन्हा ठरवला. परंतु नुकसान दहा हजार डॉलरांहून अधिक असले पाहिजे, अशी अट त्यात होती. म्हणजे एखाद्या गरीब खेड्यातील लाकडी चर्च जाळले, तर ते इतके स्वस्त की कायद्याच्या नजरेसच येऊ नये! दक्षिणेतील कृष्णवर्णीयांची चर्च एकापाठोपाठ एक जळू लागली, तेव्हा १९९६ साली दोन्ही सभागृहांनी एकमताने नवा कायदा केला आणि ही किमतीची अट काढून टाकली. श्रद्धास्थानाचे मोल विटा-लाकडांच्या किमतीवर ठरत नाही, हे तत्त्व कायद्यात आले. त्यानंतर २०१७ साली ज्यूंच्या सामाजिक केंद्रांना बाँबच्या धमक्यांचे सत्र सुरू झाले. ही केंद्रे म्हणजे प्रार्थनामंदिरे नव्हेत. तेथे पोहण्याचे तलाव असतात, बालवाड्या असतात, वृद्धांचे मेळावे भरतात. थोडक्यात, आपल्या मंडळासारखीच ती वास्तू. सप्टेंबर २०१८ मध्ये कायद्याचे छत्र अशा संस्थांवरही धरण्यात आले, आणि नुसती धमकीही त्याच्या कक्षेत आली.

या दुरुस्तीला महिना उलटतो न उलटतो तोच, २७ ऑक्टोबर २०१८ रोजी, शनिवारी सकाळी, पेनसिल्वेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहरी ‘ट्री ऑफ लाइफ’ सिनेगॉगमध्ये एक बंदूकधारी शिरला. त्या एका वास्तूत तीन मंडळ्या आपापली प्रार्थना करीत. अकरा माणसे मारली गेली. त्यांत वयाने सर्वांत मोठ्या असलेल्या आजी सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. तीन मंडळ्यांपैकी एक मंडळी निर्वासितांना मदत करणाऱ्या ज्यू संस्थेच्या कार्यात सहभागी होत असे, आणि मारेकऱ्याचा राग त्या संस्थेवर होता. परक्याला आसरा दिला, हाच त्यांचा अपराध. मारेकऱ्याचे नाव घेण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

विधिमंडळांनी यावर काय केले? त्याचे चार प्रकार दिसतात आणि ते आम्ही वेगवेगळे मांडतो, कारण जगात बहुतेक सर्वत्र याच चार वाटा चोखाळल्या जातात.

पहिला प्रकार शब्दांचा. एप्रिल २०१९ मध्ये पेनसिल्वेनियाच्या विधिमंडळाची दोन्ही सभागृहे एकत्र बसली आणि त्यांनी मृतांना श्रद्धांजली वाहिली. कोणी म्हणेल, ठरावाने काय होते? आम्ही त्यांना फ्रान्समधील एक प्रसंग सांगू. ३ ऑक्टोबर १९८० रोजी पॅरिसच्या कोपर्निक रस्त्यावरील सिनेगॉगबाहेर बाँबस्फोट होऊन चार जण ठार झाले. तेव्हाचे पंतप्रधान रेमों बार दूरचित्रवाणीवर बोलताना असे काही बोलून गेले की, हल्ला होता ज्यूंवर, पण बळी पडली ती रस्त्याने जाणारी निरपराध फ्रेंच माणसे. हेतू कदाचित वाईट नसेल. पण त्या वाक्यात ज्यू एकीकडे राहिले आणि ‘निरपराध फ्रेंच’ दुसरीकडे. आत प्रार्थना करणारे काय फ्रेंच नव्हते? की ते निरपराध नव्हते? बाँबचे आवाज विरले, पण ते वाक्य फ्रान्समधील ज्यू चाळीस वर्षांनंतरही विसरलेले नाहीत. शोकाच्या घरी आलेल्या वडीलधाऱ्याने चुकीचा शब्द उच्चारला तर तो जन्मभर सलतो, हे आपण जाणतो. राष्ट्राच्या शोकातही तोच न्याय आहे.

दुसरा प्रकार दंडाचा. पिट्सबर्गच्या मारेकऱ्यावर जो खटला चालला, त्यात आम्ही आताच सांगितलेल्या १९८८ च्या आणि १९९६ साली बळकट केलेल्या कायद्याची कलमे होती. जून २०२३ मध्ये तो सर्व त्रेसष्ट आरोपांत दोषी ठरला आणि ऑगस्टमध्ये त्याला देहदंडाची शिक्षा सुनावण्यात आली. कृष्णवर्णीयांच्या चर्चच्या रक्षणासाठी धारदार केलेला कायदा सिनेगॉगच्या कामी आला, आणि ज्या १९६० च्या कायद्यापासून ही वाट सुरू झाली त्यामागे एका सिनेगॉगची राख होती. एकाने लावलेल्या झाडाची सावली दुसऱ्याला मिळाली. फ्रान्सनेही २००० नंतर सिनेगॉगच्या जाळपोळी वाढल्या तेव्हा फेब्रुवारी २००३ मध्ये कायदा करून वंशद्वेषाने वा धर्मद्वेषाने केलेल्या गुन्ह्यांना अधिक कडक शिक्षा ठेवली. तथापि दंडाची मर्यादाही ओळखली पाहिजे. शिक्षा होते ती प्रेतयात्रेनंतर. जो मरायला आणि मारायला निघाला आहे, त्याला कलमाचा धाक कितीसा असणार?

तिसरा प्रकार शस्त्रांना आवर घालण्याचा. पिट्सबर्गच्या नगरपरिषदेने एप्रिल २०१९ मध्ये शहरात काही प्रकारच्या बंदुकांच्या वापरावर निर्बंध घातले. पण बंदुकांविषयी कायदा करण्याचा अधिकार शहराला नाही, तो राज्याचा आहे, असे सांगून न्यायालयाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते निर्बंध रद्द केले. ज्या शहराने अकरा शवे उचलली, त्याचे हात बांधलेले. आणि ज्या विधिमंडळाचे हात मोकळे होते, त्याचे एकमत होईना. अधिकार एकाकडे आणि दुःख दुसऱ्याकडे, ही विधिनियमांच्या जगातील जुनी शोकांतिका आहे.

चौथा प्रकार पैशांचा, आणि आज तोच सर्वांत जोरात आहे. अमेरिकेत २००५ पासून धर्मादाय संस्थांना सुरक्षेसाठी केंद्रीय अनुदान देण्याची योजना आहे. मजबूत दारे, कुंपणे, कॅमेरे, पहारेकरी, प्रशिक्षण यांवर ते खर्च करता येते. २०१९ साली या योजनेत सहा कोटी डॉलर होते. २०२३ साली ती रक्कम साडेतीस कोटींवर गेली. पेनसिल्वेनियाने २०१९ च्या अखेरीस स्वतःचा पन्नास लाख डॉलरांचा निधी उभारला. ही योजना केवळ ज्यूंसाठी नाही. मशिदी, मंदिरे, गुरुद्वारे, चर्च, सर्वांना ती खुली आहे. पैसा शब्दांपेक्षा उपयोगी, यात शंका नाही. परंतु बंधुभगिनींनो, असा वाढलेला हा आकडा प्रगतीचा मानावा की पराभवाचा? आजाऱ्याचे औषध पाचपट वाढवावे लागले, तर वैद्य चांगला आहे एवढेच सिद्ध होते. प्रकृती सुधारली असे होत नाही.

या ठिकाणी एक प्रसंग सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. १५ जानेवारी २०२२ ची सकाळ. टेक्सास राज्यातील कॉलीव्हिल गाव. बाहेर थंडी कडाक्याची. शनिवारच्या प्रार्थनेपूर्वी एका अनोळखी माणसाने सिनेगॉगचे दार ठोठावले. रब्बी चार्ली सायट्रन-वॉकर यांनी दार उघडले, त्याला आत घेतले, चहा करून दिला, दोन शब्द बोलले. प्रार्थना सुरू झाल्यावर पाठमोऱ्या रब्बींच्या कानी एक खटका पडला. पाहुण्याच्या हातात पिस्तूल होते. सुमारे अकरा तास त्याने चौघांना ओलीस धरले. एकाला त्याने मधेच सोडले. अखेर रब्बींनी त्याच्या अंगावर खुर्ची फेकली आणि उरलेले तिघे दाराकडे धावले. चौघेही वाचले, ओलीस धरणारा पोलिसी कारवाईत मारला गेला. संकटसमयी काय करावे याचे जे प्रशिक्षण पूर्वी मिळाले होते, त्यानेच आपण वाचलो, असे रब्बींनी नंतर सांगितले. त्या वर्षी काँग्रेसने सुरक्षा अनुदान अठरा कोटींवरून पंचवीस कोटी डॉलरांवर नेले.

आता सांगा, त्या रब्बींचे चुकले काय? थंडीत कुडकुडणाऱ्याला दार उघडले, हे? अतिथीला चहा दिला, हे? आपल्या घरी सणाला कोणी अनोळखी दारी आला तर आपण दुसरे काय करू? दार उघडले म्हणून संकट आत आले, हे खरे. पण दार उघडायचेच नाही, तर त्या घराला देवाचे घर कशासाठी म्हणावे? प्रशिक्षणामुळे माणसे वाचली, म्हणून पहारा हवा. दार उघडले म्हणून ते घर देवाचे राहिले, म्हणून दारही उघडे हवे. या दोन गोष्टींचा मेळ कोणत्याही विधिमंडळाला कलमात बांधता आलेला नाही. आमच्या मते तो बांधता येण्यासारखाही नाही.

घाईत केलेल्या कायद्याचाही एक धडा अलीकडेच मिळाला आहे. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नचे अदास इस्रायल सिनेगॉग जाळण्यात आले. पुढच्या महिन्यात सिडनीजवळ स्फोटकांनी भरलेली एक गाडी सापडली आणि देश हादरला. न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्वरेने कायदे केले. प्रार्थनास्थळांजवळ होणाऱ्या निदर्शनांतील लोकांना हटवण्याचा विस्तृत अधिकार पोलिसांना दिला. मार्चमध्ये पोलिसांनी जाहीर केले की ती गाडी म्हणजे गुन्हेगारांनी स्वतःच्या लाभासाठी रचलेला बनाव होता. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तो पोलिसी अधिकार घटनाबाह्य ठरवला. यावरून कोणी म्हणेल, की भयच खोटे होते. तसे मुळीच नाही. १४ डिसेंबर २०२५ ला सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर हनुक्काच्या सणासाठी जमलेल्या ज्यूंवर गोळीबार झाला आणि पंधरा जण मारले गेले. भय खरे होते, म्हणूनच कायदा विचाराने करायला हवा होता. न्यायालयात न टिकणारा कायदा म्हणजे वाळवी लागलेला अडसर. दाराला तो आहे असे वाटते, आणि नेमक्या वेळी तो मोडतो.

आता पुन्हा जर्मनीकडे वळू, कारण वर्तुळ तेथेच पुरे होते. ९ ऑक्टोबर २०१९. ज्यूंचा सर्वांत पवित्र दिवस, योम किप्पुर, उपवासाचा आणि क्षमायाचनेचा. पूर्व जर्मनीतील हाले शहराच्या सिनेगॉगमध्ये पन्नासहून अधिक माणसे प्रार्थना करीत होती. दाराशी त्या दिवशी एकही पोलीस नव्हता. एक सशस्त्र तरुण आला, दारावर गोळ्या झाडल्या, स्फोटके वापरली. दार लाकडी होते, ते टिकले. आतील लोक वाचले. परंतु चवताळलेल्या त्या माणसाने रस्त्याने जाणाऱ्या एका स्त्रीला आणि जवळच्या खाणावळीत जेवायला आलेल्या एका तरुणाला ठार केले. दोघेही ज्यू नव्हते. द्वेषाचा नेम एकावर असतो, पण त्याची गोळी वाटेत येईल त्याला लागते. ते गोळ्यांनी चाळण झालेले दार आता त्या सिनेगॉगच्या आवारात स्मारक म्हणून जपले आहे.

जर्मन संसदेने पुढच्या वर्षी कायदा केला आणि तो एप्रिल २०२१ पासून अमलात आला. शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी गुन्हेगाराचे कोणते हेतू विशेष गंभीर मानावेत, याच्या यादीत ‘ज्यूद्वेष’ हा शब्द स्पष्टपणे घालण्यात आला. एका शब्दाची ती भर. पण ज्या देशाच्या फर्मानाने १९३८ साली जळालेल्या सिनेगॉगचा दंड ज्यूंकडून वसूल केला, त्याच देशाच्या विधिग्रंथात त्या द्वेषाचे नाव आता गुन्ह्याचे वजन वाढवणारे म्हणून नोंदले गेले. ऐंशी-ब्याऐंशी वर्षांत कायद्याने बाजू बदलली. इतिहासात अशा गोष्टी फार थोड्या घडतात, आणि त्या आपोआप घडत नाहीत.

आपल्या देशाचे काय? १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम २९५ होते. कोणत्याही वर्गाच्या उपासनास्थळाची अवमानाच्या हेतूने नासधूस करणे हा त्यान्वये अपराध. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेत ते कलम २९८ म्हणून कायम आहे. त्यात कोणत्याही धर्माचे नाव नाही, देवळाला एक आणि सिनेगॉगला दुसरा असा भेद नाही. येथील ज्यूंना हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी कधी छळले नाही, असे त्या समाजातील वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगतात. गोव्यात पोर्तुगीजांनी चालवलेले इन्क्विझिशन हा डाग आहेच, आणि तोही कायद्याच्या नावानेच लागला, हे विसरू नये.

तथापि २६ नोव्हेंबर २००८ ला ती झळ मुंबईपर्यंत आली. कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये ज्यूंचे प्रार्थना व निवासाचे केंद्र होते. सीमेपलीकडून आलेल्या अतिरेक्यांनी तेथे रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का आणि इतर चार ज्यूंचे प्राण घेतले. हवालदार गजेंद्रसिंह बिश्त यांना तेथेच वीरमरण आले. मुंबईवरील त्या हल्ल्यात एकूण १६६ माणसे गेली. सुमारे तीन आठवड्यांनी, डिसेंबरच्या १७ आणि १८ तारखांना, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी राष्ट्रीय तपास संस्था स्थापन करणारा कायदा संमत केला. गुन्हा एका राज्यात आणि गुन्हेगार दुसऱ्या राज्यात, ही अटलांटाने दाखवलेली उणीव पन्नास वर्षांनी आपल्याही अनुभवास आली होती. त्याबरोबरच बेकायदा कृत्यांविरुद्धच्या कायद्यात जामीन अवघड करणारी आणि स्थानबद्धतेची मुदत वाढवणारी कलमे आली. ती गरजेची होती की अतिरेकी, यावर जाणकारांत मतभेद आहेत आणि ते असणे लोकशाहीच्या हिताचेच आहे.

पण नरिमन हाउसमधून दोन वर्षांच्या मोशेला छातीशी धरून जी बाहेर पडली, ती सँड्रा सॅम्युएल ही त्याला सांभाळणारी ख्रिस्ती बाई. तिला कोणत्या कायद्याने तसे करायला सांगितले होते? आणि कोलकात्यात जा. तेथील भव्य सिनेगॉगमध्ये आता प्रार्थनेला दहा पुरुषही जमत नाहीत, पण पिढ्यान् पिढ्या त्यांची झाडलोट आणि राखण मुसलमान कुटुंबे करीत आली आहेत. ही राखण कोणत्या अनुदानाच्या यादीत नोंदली आहे?

बंधुभगिनींनो, आम्ही आयुष्यभर कायद्याच्या पुस्तकांत रमलो, तेव्हा कायद्याची निंदा आमच्या तोंडून होणार नाही. कायदा हवा. तो कोणाच्या बाजूस आहे, हे हल्ल्यानंतर स्पष्ट शब्दांत सांगणारा हवा. एकाच्या दारासाठी केला तरी सर्वांच्या दारांना पुरणारा हवा. आणि न्यायालयात टिकणारा हवा. एवढे विधिमंडळाकडून मागण्याचा आपला हक्क आहे. पण कायदा दाराला अडसर देऊ शकतो, दाराला शेजार देऊ शकत नाही. तो शेजार लोकांनीच द्यायचा असतो, आणि तो हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी निर्माण होत नाही. तो मलिद्याच्या वाटीतून, गणपतीच्या प्रसादातून, ‘जुनी मशीद’ आणि ‘लाल देऊळ’ अशा सहज उच्चारलेल्या नावांतून पिढ्यांनी साठत जातो.

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातही आता दाराशी पहारेकरी असतो, पिशव्या तपासल्या जातात. काळच असा आहे. त्याला आमची हरकत नाही. पदाधिकाऱ्यांना आमची विनंती एवढीच की, पहारेकऱ्याच्या शेजारी मंडळाचे कोणीतरी वडीलधारे माणूस हात जोडून उभे असावे, आणि येणाऱ्याला दारात पहिला जो शब्द ऐकू येईल तो ‘थांबा’ असा नसावा, ‘या’ असा असावा. या शहराने पन्नास वर्षांपूर्वी आपल्याला तोच शब्द म्हटला होता. त्याची परतफेड पुढची पन्नास वर्षे करीत राहावी, अशी शुभेच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.